दोरा, गॉगलची काच आणि दोन डोळे: सरळ झुलणारा लंबक गोल का फिरतो?

अर्धवट_अभ्यासू:

कुलूप, मोठा नट, काहीही जड घ्या. मीटरभर दोऱ्याला बांधून दाराच्या चौकटीत टांगा आणि दोनेक मीटर लांब असे बसा की वस्तू साधारण डोळ्यांच्या पातळीत येईल. कुणाला तरी ती डावीकडून उजवीकडे झुलवायला सांगा. पुढे-मागे अजिबात नको, सरळ आडवी. आता गॉगलची एकच काच डाव्या डोळ्यासमोर धरा. दोन्ही डोळे उघडे हवेत. नजर लंबकामागे फरफटू देऊ नका, त्याच्या खालच्या एखाद्या स्थिर खुणेवर ठेवा.

थोड्या वेळात लंबक सरळ झुलायचं सोडून लंबगोलात फिरायला लागतो. उजवीकडे जाताना लांबून जातो, डावीकडे परतताना जवळून येतो. छतावरून पाहिलं तर ही फेरी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने होईल. काच उजव्या डोळ्यासमोर नेली की फेरी उलटी. आणि हे सगळं माहीत असूनही दिसायचं थांबत नाही!

कारण असं. उजेड कमी असला की दृष्टिपटलाचा निरोप जरा रेंगाळत निघतो. काच चांगली गडद असेल तर साधारण सेकंदाचा शंभरावा भाग. तेवढ्यात लंबक पुढे गेलेला असतो, पण काचेआडच्या डोळ्याच्या मते तो अजून मागेच आहे. म्हणजे एकाच क्षणी मेंदूकडे लंबकाच्या दोन वेगवेगळ्या जागा येतात. दोन डोळ्यांतली अशी आडवी तफावत एरवी एकाच कारणाने येते: वस्तू आपण नजर रोखलेल्या अंतराच्या अलीकडे किंवा पलीकडे असली तर. मेंदू तेच कारण गृहीत धरतो, आणि वेळेतला उशीर आपल्याला खोली म्हणून, म्हणजे जवळ-लांब अंतर म्हणून दिसतो.

हा परिणाम कार्ल पुलफ्रिख या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. येना इथल्या झाईस कंपनीत तो दोन डोळ्यांनी वापरायची मोजमापाची उपकरणं तयार करायचा. १९२२ साली त्याने हा परिणाम सविस्तर मांडला. गंमत म्हणजे त्याला स्वतःला तो कधीच दिसला नाही, कारण तोवर त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेलेली होती. स्पष्टीकरणही आपल्या सहकाऱ्याचं आहे हे त्याने मोकळेपणाने सांगितलंय.

माझं म्हणणं एवढंच आहे. खोली आणि गती हे मेंदूचे दोन वेगळे विभाग आहेत अशा थाटात आपल्याला शिकवतात. पण हा लंबक सांगतो की कच्चा माल एकच आहे: दोन प्रतिमांमधली तफावत. ती जागेतली असो की वेळेतली, मेंदूला त्या दोन्हींतला फरक सहजी करता येत नाही. तुम्हाला काय वाटतं? आणि ज्यांना लंबक गोल दिसणार नाही त्यांनी आवर्जून लिहा.

उंटावरचा:

आत्ताच करून पाहिलं. सुरुवातीला काही नाही, मग एकदम! मी तर हात घालून पाहिला मध्ये. रोचक धागा.

आकडेमोड:

मलाही दिसलं, पण लंबगोल केवढा रुंद दिसायला हवा ते काढल्याशिवाय राहवेना.

एक मीटर दोरा म्हणजे जाऊन-येऊन एक झोका सुमारे २ सेकंदांचा. मध्यापासून ३० सेंटिमीटर ओढून सोडला तर तळाशी वेग सेकंदाला जवळजवळ १ मीटर. उशीर १० मिलिसेकंदांचा धरू. तेवढ्या वेळात लंबक सरकला १ सेंटिमीटर. आता दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर ६.३ सेंटिमीटर (मोठ्या माणसांची सरासरी साधारण एवढीच) आणि लंबक २ मीटरवर. दोन नजरांच्या रेषा कुठे छेदतात ते समरूप त्रिकोणांनी काढलं: डावीकडे येताना खऱ्या जागेच्या सुमारे २७ सेंटिमीटर अलीकडे, उजवीकडे जाताना सुमारे ३८ सेंटिमीटर पलीकडे.

१ सेंटिमीटरच्या चुकीतून ६५ सेंटिमीटर रुंदीची फेरी. प्रत्यक्षात एवढी भरभक्कम दिसेलच असं नाही, कारण दोऱ्याची लांबी आणि वस्तूचा आकार उलटी साक्ष देत असतात. पण पलीकडची बाजू अलीकडच्यापेक्षा जास्त फुगलेली दिसते का, हे कुणीतरी नीट बघा. गणिताप्रमाणे दिसायला हवी.

खडूस_आजोबा:

प्रयोग छान आहे, पण दोन डोळ्यांचं कौतुक जरा जास्तच चाललंय. एक डोळा मिटा. जग सपाट झालं का? खुर्ची खुर्चीच्या जागी, भिंत भिंतीच्या जागी. शिवाय सहा मीटरच्या पुढे दोन डोळ्यांचा काडीचा उपयोग नाही असं अनेक ठिकाणी वाचलंय. मग हा एवढा हिशोब मेंदू करतो तरी कशासाठी? सुईत दोरा ओवायला?

अर्धवट_अभ्यासू:

आजोबा, तुमचा पहिला मुद्दा बरोबर, दुसरा नाही.

एका डोळ्याला खोलीच्या भरपूर खुणा मिळतात. पुढची वस्तू मागचीला झाकते. ओळखीची वस्तू लहान दिसली तर ती लांब असते. समांतर रेषा दूर जाताना जवळ येतात, डोंगर जितका लांब तितका फिकट, जमिनीचा पोत पुढे पुढे बारीक होत जातो. छायाचित्रात आपल्याला खोली कळते ती या जोरावरच. आणि या सगळ्यांवर वरचढ अशी एक खूण म्हणजे आपलं हलणं. डोकं जरा डावीकडे नेलं की जवळच्या वस्तू भराभर उजवीकडे सरकतात, लांबच्या सावकाश. १९७९ मध्ये रॉजर्स आणि ग्रॅहम यांनी नुसते ठिपके पडद्यावर दाखवले आणि बघणाऱ्याच्या डोक्याच्या हालचालीबरोबर ते वेगवेगळ्या प्रमाणात सरकवले. एक डोळा मिटूनही लोकांना पडद्यावर लाटांसारखे उंचवटे दिसले. म्हणजे एक डोळा थोड्या वेळाने थोड्या वेगळ्या जागेवरून बघतो, तेव्हा तो स्वतःचाच दुसरा डोळा होतो. माझा मुद्दा पुन्हा तोच!

आता सहा मीटर. त्या अंतराच्या पुढे डोळे आत वळण्याचं प्रमाण आणि भिंगावरचा ताण फारसा बदलत नाही हे खरं. पण दोन प्रतिमांमधली तफावत ही वेगळी गोष्ट आहे. चांगल्या नजरेच्या माणसाला साधारण २० विकलांची तफावत कळते (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला). त्यावरून ओळखू येणारा कमीत कमी फरक काढला तर १ मीटरवर तो येतो दीड मिलिमीटर. तो अंतराच्या वर्गाने वाढत जातो. ६ मीटरवर साडेपाच सेंटिमीटर, १० मीटरवर १५ सेंटिमीटर, १०० मीटरवर १५ मीटर. शंभर मीटरवरचं झाड आणि त्याच्या मागे वीस मीटरवर असलेलं दुसरं झाड, एवढं तरी दोन डोळ्यांना कळायला हरकत नाही. उपयोग कमी होत जातो, पण एखाद्या रेषेपाशी संपत नाही.

खडूस_आजोबा:

बरं. सहा मीटरचं मागे घेतो. सुईचं घेत नाही.

नेत्रतपासनीस:

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, त्यामुळे सुईची बाजू मला घ्यावीच लागेल. :)

एक डोळा मिटून जग सपाट होत नाही हे आजोबांचं निरीक्षण जुनं आहे, आणि नेमकी तीच अडचण चार्ल्स व्हीटस्टोनपुढे होती. बाकीच्या खुणा असताना दोन डोळ्यांचा वाटा वेगळा दाखवायचा कसा? १८३८ साली त्याने दोन आरशांचं एक साधन मांडलं, स्टिरिओस्कोप. डाव्या आरशात एक चित्र, उजव्यात दुसरं. चित्रं मुद्दाम नुसत्या रेषांची काढलेली, छायाप्रकाश नाही, पोत नाही. एकेकटं बघितलं तर कागदावरच्या रेघा, आणि दोन्ही मिळून बघितलं की तारांची घनाकृती हवेत उभी! छायाचित्रणाची घोषणा व्हायची होती तेव्हाची ही गोष्ट.

तरीही एक शंका उरत होती. मेंदू आधी प्रत्येक डोळ्यात घनाकृती ओळखत असेल आणि मग दोघांचा मेळ घालत असेल तर? ती शंका बेला युलेशने १९६० च्या सुमारास निकालात काढली. हा मूळचा हंगेरीतला रडार अभियंता, नंतर अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये. त्याने संगणकाकडून काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा निव्वळ गोंधळ छापून घेतला. दोन प्रती, फक्त एका प्रतीत मधला चौकोन काही ठिपके बाजूला सरकवलेला. एका डोळ्याने कितीही निरखा, चौकोन नाहीच. सरकलेले ठिपकेही आजूबाजूच्या ठिपक्यांत मिसळून गेलेले. दोन्ही प्रती एकत्र बघितल्या की चौकोन पानाच्या वर तरंगतो. थोडक्यात, खोली कळण्यासाठी वस्तू आधी ओळखावी लागत नाही. उलट कधी कधी खोलीमुळेच वस्तू दिसते. पानांत मिसळून गेलेला किडा हलला नाही तरी सापडतो तो असा.

मेंदूतला रस्ताही सांगते. प्रत्येक डोळ्याच्या नाकाकडच्या अर्ध्या भागातले तंतू पलीकडच्या बाजूला जातात, कानाकडचे आपल्याच बाजूला राहतात. त्यामुळे डावीकडचं दृश्य, मग ते कुठल्याही डोळ्याने पाहिलेलं असो, उजव्या मेंदूत जातं. वाटेतल्या थांब्यावर दोन डोळ्यांचे तंतू अजून वेगवेगळ्या थरांत असतात. डोक्याच्या मागच्या भागात, दृष्टीच्या पहिल्या केंद्रात पोचल्यावर मात्र एकाच पेशीला दोन्ही डोळ्यांचे निरोप मिळायला लागतात. बार्लो, ब्लेकमोर आणि पेटिग्रू यांनी १९६७ मध्ये मांजरांच्या मेंदूत अशा पेशी दाखवल्या, ज्या ठरावीक तफावतीलाच जोराने प्रतिसाद देतात. एक पेशी जवळच्यासाठी, दुसरी लांबच्यासाठी, तिसरी नजर जिथे आहे तिथल्यासाठी.

तपासणीत मी लहान मुलांना एका माशीचं मोठं चित्र दाखवते. त्यांना पोलराइज्ड चष्मा (दोन डोळ्यांना वेगवेगळं चित्र दाखवणारा) घालायचा आणि म्हणायचं, माशीचे पंख चिमटीत पकड. ज्याला स्टिरिओ, म्हणजे दोन डोळे मिळून खोली कळणं, आहे ते मूल कागदाच्या दोन बोटं वर हवेत चिमटी घेतं आणि हात झटकन मागे ओढतं. काही जण तर हात लावायलाच तयार नसतात. ज्याला नाही ते शांतपणे कागदावर बोट टेकवतं. आईबाबांना त्या क्षणी जे कळतं ते मला बोलून समजावता येत नाही. माशी हा ठळक नमुना झाला, पुढे त्याच पुस्तकात वर्तुळं असतात, ८०० विकलांपासून ४० विकलांपर्यंत उतरत जाणारी. त्यांतली सुरुवातीची वर्तुळं एका डोळ्यानेही हुशारीने ओळखता येतात, म्हणून शंका आली तर युलेशच्या धर्तीची ठिपक्यांची चाचणी घ्यावी लागते.

तिरपी_रेघ:

मला लंबक सरळच दिसला. काच या डोळ्याला लावली, त्या डोळ्याला लावली, नवऱ्याकडून झुलवून घेतला, काही नाही.

लहानपणी तिरळेपणा होता, शस्त्रक्रियेने डोळे दिसायला सरळ झाले. पण दोन्ही डोळे एकदम वापरायची सवय बहुधा कधी लागलीच नाही. आत्ता एका डोळ्याने बघते की दुसऱ्या, ते मला मनात ठरवून बदलता येतं. लोकांना हे सांगितलं की विचारतात, मग तुला सगळं चित्रासारखं दिसतं का? त्याचं उत्तर काय देणार? मला दुसरं काही माहीतच नाही.

काय जमत नाही ते सांगू शकते. किल्ली कुलपात घालताना आधी कुलपाला टेकवते, मग भोक शोधते. बाटलीतून पेल्यात ओतताना बाटलीचं तोंड पेल्याच्या काठाला लावून ठेवते. कुणी पेन पुढे केलं तर माझी बोटं थोडी अलीकडेच मिटतात. अनोळखी जिना उतरताना सगळ्या पायऱ्या एकाच रंगाच्या असल्या तर पायाने चाचपते. गाडी मात्र व्यवस्थित चालवते. थ्रीडी सिनेमात चष्मा घालून अंधुक सिनेमा बघते, एवढाच फरक. आणि हो, बोलताना मी मान सारखी हलवते असं घरचे म्हणतात. अर्धवट_अभ्यासूंचं वाचून आता कळलं ती का हलते.

प्रश्न असा की हे मोठेपणी येऊ शकतं का?

नेत्रतपासनीस:

तिरपी_रेघ, तुम्ही सांगितलेल्या युक्त्या मी अनेकांकडून ऐकते, बाटलीची तर हमखास.

पूर्वी ठाम उत्तर होतं, नाही. त्यामागे ह्यूबेल आणि वीझल यांचं काम होतं (१९८१ चं नोबेल). त्यांनी मांजरीच्या पिल्लांमध्ये डोळ्याचा एक स्नायू कापून कृत्रिम तिरळेपणा आणला. दोन्ही डोळे निरोगी, दोन्हींतून दिसतंय, फक्त एकाच जागी बघत नाहीत. काही महिन्यांनी मेंदूत पाहिलं तर दोन्ही डोळ्यांना प्रतिसाद देणाऱ्या पेशी जवळपास नाहीशा झालेल्या. एकेका डोळ्याच्या पेशी मात्र शाबूत. जोडीने काम केलं नाही तर जोडणी टिकत नाही. माणसाच्या बाळात स्टिरिओ साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात उगवतो, तोही बऱ्यापैकी अचानक, आणि त्या काळात डोळे सरळ नसले तर पाया कच्चा राहतो.

पण 'नाही' इतकं ठाम म्हणता येत नाही आता. सूझन बॅरी या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ स्वतः लहानपणापासून तिरळ्या, शस्त्रक्रिया झालेल्या, आणि हेच सगळं वर्गात शिकवणाऱ्या. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी डोळ्यांचे व्यायाम सुरू केल्यावर एक दिवस गाडीत बसल्या तर स्टिअरिंग व्हील डॅशबोर्डापासून सुटून हवेत पुढे आलेलं दिसलं. त्यांचा अंदाज असा की दोन्ही डोळ्यांच्या काही पेशी शिल्लक राहिल्या असाव्यात, आणि डोळे एकाच जागी रोखायला शिकल्यावर त्यांना काम मिळालं. सगळ्यांचं असं होत नाही, हे मात्र स्पष्ट सांगते. चुकीच्या पद्धतीने व्यायाम केले तर काहींना एकाच्या दोन वस्तू दिसायला लागतात आणि ते निस्तरणं अवघड असतं. तज्ज्ञाकडून तपासून घेतल्याशिवाय इंटरनेटवरचे व्यायाम सुरू करू नका.

शॉर्ट_लेग:

मी हाच मुद्दा घेऊन आलो होतो. दोन डोळे नसतील तर बॉल कसा खेळणार? आणि मग आठवले मन्सूर अली खान पतौडी. १९६१ मध्ये मोटार अपघातात उजवा डोळा जवळजवळ गेला. त्याच वर्षी कसोटी पदार्पण, १९६२ मध्ये एकविसाव्या वर्षी कर्णधार. कसोटीतली सहाच्या सहा शतकं अपघातानंतरची. टोपी उजव्या डोळ्यावर ओढून खेळायचे, कारण त्या डोळ्यातून येणारी दुसरी प्रतिमा मदत सोडाच, अडथळाच करायची.

मग दोन डोळ्यांचं काय एवढं?

अर्धवट_अभ्यासू:

पतौडींच्या गोष्टीचा अर्थ 'दोन डोळे लागत नाहीत' असा नाही. मला तिचा अर्थ असा वाटतो की फलंदाजीत खोली मोजण्यापेक्षा अंदाज मोठा असतो. २००० साली लँड आणि मॅकलिओड यांनी फलंदाजांच्या डोक्यावर कॅमेरा लावून नजर कुठे जाते ते टिपलं. चेंडू सुटताना नजर हातावर, आणि मग ती चेंडूच्या मागे न जाता उडी मारून टप्पा पडेल त्या जागी आधीच जाऊन बसते. चांगल्या फलंदाजाची उडी लवकर, कच्च्याची उशिरा. इतकी तयारी मेंदूने आधीच केलेली असेल तर एक डोळाही बराच पल्ला गाठतो. शिवाय चेंडू जवळ येताना त्याची प्रतिमा मोठी होत जाते, आणि ती किती झपाट्याने मोठी होते यावरून 'पोचायला किती वेळ' हे अंतर न मोजताही निघतं. डेव्हिड ली यांनी १९७६ मध्ये हे मांडलं. त्याला एकच डोळा पुरतो.

दोन डोळ्यांची खरी कमाई कळते ती चेंडू तुमच्याच दिशेने येत असताना. शॉर्ट लेगला उभे राहता ना? मग हे बघा. चेंडू थेट नाकावर येत असेल तर डाव्या डोळ्याला तो उजवीकडे सरकताना दिसतो आणि उजव्याला डावीकडे. दोन डोळ्यांत गती एकमेकांच्या उलट. चेंडू उजव्या डोळ्यावरच येत असेल तर उजव्या डोळ्याच्या मते तो जागचा हलतच नाही, नुसता फुगतो. डाव्याच्या मते उजवीकडे पळतो. आणि कानाच्या बाजूने निघून जाणार असेल तर दोन्ही डोळ्यांत गती एकाच दिशेला. दोन वेगांच्या नुसत्या प्रमाणावरून चेंडू लागणार की चुकणार हे कळतं. खाली वाकायचं की हात घालायचा, हा निर्णय तेवढ्यावर होऊ शकतो.

शॉर्ट_लेग:

हे कुणी आधी सांगितलं असतं तर दोन दात वाचले असते.

मुंगीपासून_हत्तीपर्यंत:

वरच्या प्रतिसादात एक फाटा आहे, तो उलगडायला हवा. समोरून येणाऱ्या वस्तूची गती मेंदू दोन रीतींनी काढू शकतो. एक: आधी प्रत्येक क्षणाची तफावत काढायची, मग ती काळाबरोबर कशी बदलते ते बघायचं. दोन: आधी प्रत्येक डोळ्यातला वेग काढायचा, मग दोन वेगांची वजाबाकी. उत्तर एकच, पण पायऱ्यांचा क्रम उलटा. माणसात दोन्ही रीतींचा वापर होतो असं प्रयोगांतून दिसलंय, कुठे कुठली वरचढ यावर वाद चालू आहेत.

या दोन्ही गोष्टी मेंदूत शेजारी-शेजारी असतात याचा पुरावाही आहे. दृष्टीच्या पहिल्या केंद्राच्या पुढे एमटी नावाचा एक छोटा भाग आहे. तिथल्या बहुतेक पेशींना विशिष्ट दिशेची गती लागते, आणि त्यांतल्या बऱ्याच पेशींना विशिष्ट तफावतही. १९९८ मध्ये डीअँजेलिस, कमिंग आणि न्यूसम यांनी माकडांच्या एमटीत अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह दिला, तर समोरचे ठिपके जवळ आहेत की लांब याबद्दलचा माकडाचा निर्णयच झुकला. गतीचं म्हणून प्रसिद्ध असलेलं केंद्र, आणि ढकललं तर खोली बदलते. धागाकर्त्यांच्या मुद्द्याला याहून थेट पुरावा मला माहीत नाही.

उलट बाजूही आहे पण. १९८३ मध्ये म्युनिकच्या त्सिल आणि सहकाऱ्यांनी एका स्त्रीची नोंद प्रसिद्ध केली. मेंदूच्या दोन्ही बाजूंना, याच परिसरात इजा झालेली. तिला रंग दिसत, वस्तू ओळखता येत, खोलीही कळे. गती मात्र गेली. कपात ओतलेला चहा तिला गोठल्यासारखा दिसे आणि कप भरत आल्याचं कळत नसे. रस्त्यावर गाडी आधी लांब असे आणि मग एकदम अंगावर, मधलं काही नाही. खोली शाबूत राहून गती जाऊ शकते, म्हणजे दोन्ही पूर्णपणे एकच नाहीत. कच्चा माल एक असेल, पण पुढे वाटा फुटतात.

आता माझ्या आवडीचा प्राणी: प्रार्थनाकीटक. किड्यांत दोन डोळ्यांनी खोली मोजतो असं सिद्ध झालेला हाच. १९८३ मध्ये रोसेल यांनी त्याच्या डोळ्यांपुढे लोलक (प्रिझम) लावून ते दाखवलं. नंतर न्यूकॅसल विद्यापीठात जेनी रीड आणि विवेक नित्यानंद यांच्या गटाने मेणाने चिकटवलेले रंगीत चष्मे त्याला घातले आणि छोटा पडदा समोर ठेवला. पडद्यावरचं खोटं भक्ष्य त्याच्या पल्ल्यात 'आलं' की कीटक झडप घालतो. २०१८ ची मजा अशी की त्यांनी दोन डोळ्यांना एकमेकांशी अजिबात न जुळणारे ठिपके दाखवले. आपला मेंदू तिथे हात टेकतो. कीटकाने मात्र झडप घातली! त्याला प्रतिमा जुळवायच्याच नसतात. दोन्ही डोळ्यांत हालचाल कुठे होतेय एवढंच तो जुळवतो. स्थिर जगाची खोली त्याला बहुधा नकोच आहे. दहा लाखांहून कमी चेतापेशींत भागवायचं म्हटल्यावर काटकसर आलीच.

खडूस_आजोबा:

किडा आपल्यापेक्षा शहाणा निघाला. हलेल त्याचीच खोली मोजायची. बाकी जग गेलं उडत.

चिऊची_आई:

धागा वाचून घाबरले आहे. लेकीला नुकतंच लेझी आय (एका डोळ्याची नजर मागे पडलेली) सांगितलंय, चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी. पण पट्टी लावली की दोन डोळे एकत्र वापरायची वेळ आणखीच कमी होणार ना? मग स्टिरिओ कसा येणार?

नेत्रतपासनीस:

शंका अगदी योग्य आहे. आधी मागे पडलेल्या डोळ्याची नजर वाढवावी लागते, कारण एका डोळ्याची प्रतिमा फारच पुसट असेल तर मेंदू तिला दाबून टाकतो, जोडीचा प्रश्नच येत नाही. आणि पट्टी दिवसभर नसते. मध्यम प्रमाणातल्या दोषात रोज दोन तास आणि सहा तास यांचा परिणाम सारखाच आला, असं मोठ्या चाचणीत दिसलंय. उरलेल्या वेळात दोन्ही डोळे चष्म्यासह उघडे. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेले तास पाळा. सात-आठ वर्षांच्या आत सुरू केलं तर फायदा सगळ्यात चांगला, त्यानंतरही अनेकांना होतो. घाबरू नका, वेळेत कळलंय.

एक_वाचक:

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

उंटावरचा:

वडिलांच्या एकाच डोळ्यात मोतीबिंदू आहे. ते म्हणतात, बाजूने जाणाऱ्या गाड्या वाकड्या येतात, अंगावर वळल्यासारख्या. आम्ही हसण्यावारी नेत होतो. हा लंबकच ना?

नेत्रतपासनीस:

हो, तोच असण्याची बरीच शक्यता. मोतीबिंदूच्या डोळ्यात उजेड कमी पोचतो, म्हणजे काच कायमची लावलेली. ऑप्टिक नर्व्हला (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला) सूज येऊन गेलेल्यांतही असं दिसतं. तिथे उजेड पुरेसा पोचूनही निरोप सावकाश जातो. चांगल्या डोळ्यावर हलकी गडद काच देऊन दोघांना सारखं मागे ठेवणं हा एक उपाय आहे. वडिलांच्या बाबतीत आधी मोतीबिंदू बघा, आणि गाडी चालवत असतील तर तोवर चालवू देऊ नका.

आकडेमोड:

मग एका डोळ्याला जवळचा आणि दुसऱ्याला लांबचा नंबर देतात, त्या लेन्सचं काय? तिथे उजेड सारखाच, फक्त एक डोळा धूसर. धूसर प्रतिमाही मागे पडायला हवी.

अर्धवट_अभ्यासू:

उलटं होतं! २०१९ मध्ये बर्ज, रॉड्रिगेझ-लोपेझ आणि डोरोन्सोरो यांनी नेमकं हेच मोजलं. धूसर डोळा काही मिलिसेकंद पुढे जातो. बारीक तपशील हाताळायला मेंदूला जास्त वेळ लागतो, आणि धूसरपणात तेच गळून पडतात. राहतं ते ढोबळ, आणि ढोबळ लवकर पोचतं.

आकडेमोड:

म्हणजे धूसर डोळा पुढे, गडद डोळा मागे. मग धूसर काचेलाच गडद छटा दिली तर बेरीज-वजाबाकी शून्य?

नेत्रतपासनीस:

त्यांनी तेच करून दाखवलं, आणि हिशोब जुळतो. पण किती धूसरपणाला किती छटा हे माणसागणिक बदलतं, त्यामुळे घरी गॉगल कापून लेन्सवर चिकटवायला जाऊ नका. या धाग्यावर कोण कोण काय करेल याचा मला एव्हाना अंदाज आलाय.